प्रोटीन पावडर राहू द्या, आधी दुधाचे ग्लास मोजू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे ना, की मुलगा तिसरीत, ८ वर्षांचा, वजन २२ किलो, घरी सगळे शाकाहारी. भाजी ताटात दिसली तरी तोंड वाकडं, डबा अर्धा परत येतो, पण दूध मात्र आवडीनं पितो म्हणून दिवसातून तीन ग्लास, त्यातल्या दोनात चॉकलेटी पावडर. शेजारच्या मुलाला प्रोटीन पावडर सुरू केलीये आणि तो 'चांगला भरलाय', म्हणून तुम्हालाही वाटतंय की आपल्या पोराला प्रोटीन कमी पडतंय. आणि सासूबाई म्हणतात दूध पितोय ना, मग काळजी कसली.

मी साताऱ्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, १९ वर्षं झाली, त्यातली बरीचशी बालरोगतज्ज्ञांच्या ओपीडीला लागून असलेल्या एका खोलीत गेली. हा प्रश्न मला आठवड्यातून तीन-चारदा तरी ऐकू येतो, फक्त मुलाचं नाव आणि पावडरचा ब्रँड बदलतो. म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

आधीच सांगते, मी तुमच्या मुलाला पाहिलेलं नाही. २२ किलो हा एकटा आकडा मला फार काही सांगत नाही. उंची किती, गेल्या वर्षी वजन किती होतं, तुम्ही दोघं नवरा-बायको अंगानं कसे, हे माहीत असलं तर त्या २२ ला अर्थ येतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे ५ ते १८ वर्षांचे वाढीचे तक्ते आहेत, २०१५ चे, बहुतेक बालरोगतज्ज्ञांकडे भिंतीवर नाहीतर फाईलमध्ये असतात. त्यात ८ वर्षांच्या मुलाचं २२ किलो हे मधल्या रेषेच्या थोडं खाली पण रेषांच्या आत बसतं. या वयात वर्षाला साधारण दोन-तीन किलो वजन आणि पाच-सहा सेंटीमीटर उंची वाढत असेल तर पोरगं बारीक दिसलं तरी ते त्याच्या जागी ठीक असतं. पण वर्षभर वजन तिथल्या तिथेच असेल, किंवा कमी झालं असेल, सारखे जुलाब होत असतील, पोट दुखतं म्हणत असेल, तर मी काय लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा, कारण तो खाण्याचा प्रश्न नसूही शकतो.

आता प्रोटीन. इथे मी नेहमी एक गोष्ट करते, आईला कागद-पेन देते आणि कालच्या दिवसाचं सगळं लिहायला लावते. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मीच करून बघते. तीन ग्लास दूध, ग्लास २०० मिलीचा धरू, म्हणजे ६०० मिली, त्यातून साधारण १९ ग्रॅम प्रोटीन आलं. डब्यातल्या दोन पोळ्यांतली एक खाल्ली, रात्री दोन, अशा तीन पोळ्या. एका घरगुती पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते, त्यात ३ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, म्हणजे ९ ग्रॅम झालं. दुपारचा वरणभात, तांदूळ मूठभर म्हणजे ५० ग्रॅम धरा आणि डाळ १५ ग्रॅम, त्यातून ७. संध्याकाळची चार बिस्किटं, एक-दीड. बेरीज ३६-३७ ग्रॅम.

आणि गरज किती? आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये जे आकडे काढले त्यात ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला २३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय. म्हणजे भाजी न खाता, डबा अर्धा टाकून सुद्धा तुमचा मुलगा गरजेच्या दीडपट प्रोटीन खातोय. तुम्ही पोळीला प्रोटीनमध्ये धरतच नाही ना? कुणीच धरत नाही. पोळी म्हणजे पोट भरायला, प्रोटीन म्हणजे काहीतरी वेगळं, डब्यातलं, महागातलं, असं आपल्या डोक्यात बसलंय. पण मुलांना रोज जे भरपूर पोटात जातं त्यातूनच बहुतेक सगळं मिळत असतं, आणि वरणभात, खिचडी, पोळी-आमटी या जोड्यांत धान्यात जे कमी असतं ते डाळ भरून काढते, डाळीत जे कमी असतं ते धान्य.

त्यामुळे पावडर द्यायची का, याचं उत्तर 'नाही'. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना तरी नाहीच असतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही अशा पावडरी टाळा असंच म्हटलंय. शेजारचा मुलगा भरला असेल तर तो त्या पावडरमधल्या साखरेनं, किंवा त्याचं भरायचं वय आलं म्हणून, किंवा त्याचे बाबा तसेच आहेत म्हणून.

पण हाच हिशोब लोहाचा करून बघा, तिथे चित्र पार उलटं आहे. तीन पोळ्यांतून साडेतीन मिलिग्रॅम, भातातून अगदी नगण्य, डाळीतून अर्धा-पाऊण, बिस्किटं किरकोळ, आणि ६०० मिली दुधातून जवळजवळ शून्य. सगळं मिळून ५. गरज १५. म्हणजे ज्याची काळजी करताय ते दीडपट आहे आणि ज्याचा विचारच केला नाही ते एक तृतीयांश. तुमच्या प्रश्नातला खरा प्रश्न हा आहे. (पावडरच्या डब्यावर लोह लिहिलेलं असतं, माहितीये. ते दुधातूनच पोटात जातं, आणि दूध लोहाशी काय करतं ते पुढे सांगते.)

हे काही तुमच्या एकट्याच्या घरातलं नाही. २०१६ ते १८ मध्ये देशभरात मुलांचं जे मोठं पोषण सर्वेक्षण झालं, त्यात ५ ते ९ वयाच्या साधारण चारातल्या एका मुलात रक्ताची कमतरता सापडली होती. आणि माझा अनुभव सांगते, त्यात फक्त गरिबाघरची पोरं नसतात. दोन गाड्या असलेल्या घरातली, दूध-बिस्किटावर वाढलेली पोरं ढीगभर असतात.

चार वर्षांपूर्वी एक पाचवीतली मुलगी आली होती. आईची तक्रार, अभ्यासात लक्ष नाही, खेळायला गेली की दहा मिनिटात पायरीवर येऊन बसते, आणि जेवायचं म्हटलं की नको. मी तिच्याशी गप्पा मारत होते तर तिच्या ओठाच्या कडेला पांढरं काहीतरी दिसलं, मला वाटलं टूथपेस्ट. विचारलं तर मान खाली. मग आईला बाहेर पाठवलं आणि परत विचारलं, तर म्हणाली वर्गातला खडू खाते, रोज एक. खडू, माती, भिंतीचा पोपडा, पाटीवरची पेन्सिल खायची इच्छा होणं हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, आणि घरचे त्यावर रट्टे देतात. तिचं हिमोग्लोबिन निघालं ८.९. या वयात ११.५ च्या खाली गेलं की कमी समजतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं, आम्ही जेवण सावरलं, आणि दोन-तीन महिन्यांत खडू आपोआप सुटला, कुणी ओरडावं लागलं नाही. तिचंही दूध दिवसाला तीन मोठे मग होतं, हे मला आजही आठवतं.

आता दुधाकडे येऊ, कारण सासूबाई रागावतील. दूध वाईट नाही. शाकाहारी मुलाला तर बी१२ मिळायचा तोच मुख्य मार्ग आहे, दूध, दही, ताक, पनीर, कारण धान्य-डाळी-भाज्यांमधून बी१२ मिळत नाही. कॅल्शियमही त्यातून भरपूर येतं. पण ते भरपूरच आहे, तीन ग्लासांतून ७०० मिलिग्रॅमच्या पुढे, गरज ६५०. आणि या तीन ग्लासांचे भाव दोन ठिकाणी मोजावे लागतात. एक, पोट. आठ वर्षांच्या मुलाचं पोट केवढं असणार, त्यात ६०० मिली दूध गेलं की चारशेच्या वर कॅलरी तिथेच झाल्या, वर साखर आणि पावडर, मग दुपारी भूक लागणार कुठून? तुम्ही म्हणता तो जेवत नाही म्हणून दूध देतो, मला वाटतं तो दूध पितो म्हणून जेवत नाही. दुसरं म्हणजे दुधातलं कॅल्शियम जेवणातल्या लोहाच्या आड येतं, जेवणाबरोबर दूध प्यायलं तर पोळीतलं जे थोडंफार लोह अंगी लागणार होतं तेही कमी लागतं. रात्री तो पोळी दुधात कुस्करून खातो असं तुम्ही लिहिलंय, तर बघा, त्याच्या दिवसातलं सगळ्यात जास्त लोहाचं जेवण आणि दूध एकाच वाटीत. चहाचंही तेच, काही घरांत मुलांना सकाळी चहा-पोळी असते, त्यापेक्षा चहा पूर्ण बंद बरा.

मी सहसा दोन ग्लास सांगते, ४०० मिली, त्यातलं एक दही किंवा ताक म्हणून. आणि दूध जेवणाला चिकटून नाही, मध्ये दीड-दोन तासांचं अंतर. पावडर हळूहळू कमी, दोन चमच्याचा एक, मग अर्धा, मग नुसती वेलची-जायफळ किंवा एखादा खजूर वाटून. पावडरच्या डब्यावर मागच्या बाजूला १०० ग्रॅममागे साखर किती ते वाचा एकदा, पुढची चित्रं नका बघू. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारला ऑनलाइन दुकानदारांना सांगावं लागलं होतं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, तेव्हा यावर मी वेगळं काही बोलत नाही.

आता मुख्य गोष्ट, ते १० मिलिग्रॅम आणायचे कुठून. सुरुवातीला मीपण चुका केल्यात. नवीन असताना मी इंग्रजीत टाईप केलेले छान रंगीत चार्ट द्यायचे, त्यात राजमा सॅलड, स्प्राउट चाट, असलं सगळं. एकदा माण तालुक्यातल्या एका आजींनी नातीचा चार्ट कुणाकडून तरी वाचून घेतला, घडी केली, कमरेला खोचला आणि मला विचारलं, "ताई, ह्यात भाकरी कुठं हाय?" मी काही बोलू शकले नाही. त्यांच्या घरात बाजरी होती, मटकी होती, कारळाची चटणी होती, अंगणात शेवगा होता, म्हणजे मी लिहिलेल्या चार्टपेक्षा जास्त लोह घरात पडून होतं आणि मी त्यांना राजमा आणायला सांगत होते. त्या दिवसापासून छापील चार्ट बंद.

तर घरातल्याच गोष्टी बघू. मटकी ही माझी सगळ्यात आवडती, १०० ग्रॅम कोरड्या मटकीत ८ मिलिग्रॅमच्या जवळपास लोह, म्हणजे ३० ग्रॅमची उसळ केली तर सव्वादोन-अडीच. मोड आणले की त्यातला लोहाला अडवणारा भाग कमी होतो, म्हणून मोडाची बरी. कुळीथ त्याहून थोडा वरच, कुळथाचं पिठलं मुलं भातावर खातात, कोकणातल्या आयांना सांगावं लागत नाही. बाजरीत गव्हापेक्षा जवळजवळ दीडपट लोह आहे. हरभरा, भाजलेले फुटाणे, ३० ग्रॅम म्हणजे मुलाच्या दोन मुठी, त्यात दोन मिलिग्रॅम. पोहे ५० ग्रॅम, दोन. मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला. तीळ, कारळं, जवस यांच्या चटण्या, एक चमचा तिळात पाऊण मिलिग्रॅम लोह आणि वर साठेक मिलिग्रॅम कॅल्शियम. भाजी न खाणारी कितीतरी मुलं चटणी-तेल-पोळी आनंदानं खातात, आणि आयांना ते 'आज काहीच खाल्लं नाही' असं वाटतं. खाल्लं की!

आता ज्या गोष्टींवर लोकांचा फार भरवसा असतो त्याबद्दल. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढत नाही, १०० ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. खायचं तर खा, चांगली भाजी आहे, पण औषध म्हणून रोज ज्यूस पाजून मुलाला रडवू नका. गुळात आहे, पण मूल गूळ खाणार किती, १० ग्रॅम, त्यातून अर्धा मिलिग्रॅमही येत नाही. दोन खजुरांचंही तसंच. आणि अळीव. अळिवाबद्दल इंटरनेटवर अजूनही जुन्या तक्त्यातला आकडा फिरतो, १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या नव्या तक्त्यात तो १७ च्या आसपास आहे. तरी तो वाईट नाही हं, चमचाभर अळिवातून पाऊण-एक मिलिग्रॅम मिळतं, मी देते, पण एका लाडवानं वर्षभराचं रक्त भरत नाही. पालकाचंही असंच, मेथी आणि राजगिऱ्यापुढे तो मागेच आहे.

आणि यातलं कुठलंही लोह नुसतं खाऊन भागत नाही, कारण वनस्पतीतलं लोह अंगी लागायला आंबट लागतं, म्हणजे क जीवनसत्त्व. लिंबू, आवळा, पेरू, संत्रं, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर. पोह्यावर लिंबू पिळतात, उसळीवर लिंबू-कांदा-कोथिंबीर असते, पानात डावीकडे लिंबाची फोड असते, हे आपल्याकडे आधीपासून आहेच. फक्त लिंबू गॅसवर भांडं असताना पिळू नका, ताटात पिळा. पेरू तर इतका स्वस्त आणि इतका भारी आहे, की मला सफरचंद चिरून डब्यात देणाऱ्यांचं नवल वाटतं. सफरचंदात क जीवनसत्त्व नावापुरतं, पेरूत १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या वर. आणखी एक, लोखंडी तवा आणि लोखंडी कढई माळ्यावर असेल तर खाली काढा. टोमॅटो-चिंचेचं काही त्यात शिजवलं की लोह उतरतं, फक्त झालं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं नाहीतर काळं पडतं आणि मुलं हात लावत नाहीत.

मग दिवस असा होईल: सकाळी लिंबू पिळलेले शेंगदाण्याचे पोहे, डब्यात उसळ किंवा चटणी आणि पोळी, संध्याकाळी बिस्किटांच्या जागी फुटाणे आणि पेरू, रात्री मेथी नाहीतर पिठलं आणि दुधाशिवाय पोळी-भाकरी. एवढ्यानं ५ चे १३-१४ होतात. हे कागदावर. प्रत्यक्षात तो अर्धी वाटी उसळ खाईल आणि अर्धी टाकेल, मग निम्मंच धरा. १५ चा आकडा मुळात धरलाय तोच असं समजून, की खाल्लेल्या लोहातलं फार थोडं अंगी लागतं. आंबट जोडलं तर जास्त लागेल. त्यामुळे रोज तराजू घेऊन बसू नका, आठवड्याचा अंदाज घ्या.

डब्याबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तुम्ही म्हणालात तो डबा खात नाही, आणि त्याला हट्टी म्हणालात. तुम्ही त्याच्या शाळेची मधली सुट्टी कधी बघितलीये का? मी बघितलीये, व्याख्यानाला गेले होते तेव्हा वर्गाच्या दारात उभी राहून. घंटा झाली, अर्धी मुलं आधी बाथरूमला पळाली, परत आली, डबा उघडेना म्हणून बाईंकडे रांग लागली, बसली, दोन घास खाल्ले, खाली मैदानावर मित्र ओरडतोय, डबा बंद. खायला मिळालेली मिनिटं मी मोजली, सात. सात मिनिटांत थंड, वातड पोळीचे तुकडे करून भाजीला लावून आठ वर्षांचं मूल किती खाणार. माझा स्वतःचा मुलगा दुसरीत असताना मी त्याला मोठ्या हौसेनं मटकीची उसळ दिली होती रसा असलेली, ती दप्तरात सांडली, वह्या पिवळ्या झाल्या, वर्गात 'वास येतोय वास येतोय' झालं, आणि त्यानंतर वर्षभर त्यानं मटकीला हात लावला नाही. आहारतज्ज्ञाचा मुलगा!

तर डब्यात ते द्या जे एका हातानं, न सांडता, दहा मिनिटांच्या आत संपतं आणि चार तासांनी पण मऊ राहतं. दशमी करा, पीठ दुधात भिजवून केलेली, दिवसभर मऊ राहते. (हो, यात दूध आहे, पण थोडंच, तेवढं चालतं.) थालीपीठ भाजणीचं, भाजणीत बाजरी, हरभरा डाळ, धने सगळं आलं, त्यात मेथी बारीक चिरून घातली तर दिसत नाही. मटकी कोरडी परतून, थोडी ठेचून पोळीत गुंडाळा आणि पोळीचे दोन तुकडे करा. धिरडी. धपाटे. शेंगदाण्याचा लाडू एखादा. आणि थोडं द्या, दोन पोळ्या देऊन एक परत येण्यापेक्षा एकच द्या आणि रिकामा डबा येऊ दे, मुलालाही बरं वाटतं. सात-आठ दिवस डबा परत आला की न ओरडता फक्त बघा काय उरलंय. कडेनं पोळी उरलीये आणि मधली भाजी संपलीये की उलटं, यावरून कळतं पोळी वातड होतीये की भाजी आवडत नाहीये.

एक गंमत सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या शालेय पोषण आहारात जे मिळायला हवं त्याचं प्रमाण ठरलेलं आहे, १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम कडधान्य किंवा डाळ, भाजी, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन. मटकी, मूग, चवळी, वाटाणा आलटून पालटून. चव कधी बरी कधी नाही, ते स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर आहे, पण गरम असतं आणि सगळे एकत्र बसून खातात, म्हणून संपतं. आणि फी भरून शिकणाऱ्या आमच्या मुलांच्या डब्यात जॅम लावलेली पोळी. मी दोन्हीकडे जाते म्हणून सांगते.

भाजीबद्दल तुम्ही फार हळहळलाय. त्याला कुठलीच भाजी आवडत नाही असं सहसा नसतं, लिहून काढा, बटाटा, भेंडी, मटार, गाजर असं काहीतरी निघतंच. तिथून सुरू करा. नवीन भाजी चमचाभर ताटात, खा म्हणायचं नाही, टाकली तरी बोलायचं नाही. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मुलं चाखतात, आपण तिसऱ्या वेळेला हरतो. टीव्ही बंद, मोबाईल बंद, आणि त्याच्याबरोबर तुम्ही कुणीतरी तेच खात बसा. बाबा भाजी टाकत असतील तर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

तपासणी करा म्हणाल तर, हो, तुमच्या मुलाची मी एकदा करून घ्यायला सांगेन, सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची साधी तपासणी) आणि डॉक्टरांना वाटलं तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२. लोह खरंच कमी निघालं तर ते नुसत्या खाण्यानं भरायला फार वेळ लागतो, तिथे औषधच लागतं आणि ते डॉक्टरांनी वजनावरून ठरवायचं. मेडिकलमधून टॉनिकची बाटली स्वतःहून आणू नका. शाळेत लोहाच्या गुलाबी गोळ्या मिळत असतील तर त्या 'आपल्याला कशाला' म्हणून फेकू नका. जंताच्या गोळीचंही तेच, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, कधी तारखा मागेपुढे होतात, शाळेत विचारा. ड जीवनसत्त्वाचं मात्र खाण्यावर फार अवलंबून नाही, ते उन्हात खेळून येतं, आणि खेळलं की भूकही लागते, एका दगडात दोन पक्षी.

अंडं चालत असेल तर आठवड्यातून तीन-चार द्या, बी१२ आणि प्रोटीनसाठी उत्तम, लोहासाठी मात्र अंड्यावर विसंबू नका. तुमच्याकडे नाही चालत, ठीक आहे, अडत नाही. हे वाचणाऱ्या बाकीच्यांच्या घरात मटण, कलेजी, सुकट होत असेल तर मुलांना रसाच नाही, त्यातले तुकडे पण द्या. आमच्याकडे पोरांना रस्सा-भात आणि मोठ्यांना पीस असतात.

एकदम सगळं बदलू नका, पोरगं बंड करेल आणि घरचे पण. पहिल्या आठवड्यात फक्त रात्रीची दूध-पोळी सोडवा आणि झोपताना दूध द्या, जेवणानंतर दीड-दोन तासांनी. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळचं दूध-बिस्किट काढून फुटाणे-पेरू. हे केल्यावर चार-पाच दिवस तो 'भूक लागली भूक लागली' करेल, ते चांगलंच आहे, तेव्हा घाबरून परत ग्लास पुढे करू नका, जेवण पुढे करा. डबा तिसऱ्या आठवड्यात.

आणि सासूबाईंना 'डॉक्टरांनी दूध कमी करायला सांगितलंय' असं तोंडावर सांगू नका, आयुष्यभर त्यांनी दूध म्हणजे माया असंच धरलंय. त्यापेक्षा अळिवाचे लाडू करायला सांगा, नारळाच्या पाण्यात अळीव दोन तास भिजवून, ओलं खोबरं आणि गूळ घालून, त्यांना तुमच्यापेक्षा चांगले जमत असणार. लिंबाएवढे लहान वळायला सांगा, आणि संध्याकाळी पाच वाजता दुधाऐवजी तो लाडू आणि पेरूच्या फोडी त्यांच्याच हातून त्याला द्यायच्या. रिपोर्ट आला की आकडा इथेच लिहा, आणि उंचीही मोजून टाका, भिंतीला उभं करून, चप्पल काढून.